गल्लीभर ताणा

मला मराठी आली ती शिव्यांतून. शाळा नंतर आली, बाराखडी त्याहून नंतर. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, आजी आपली काहीतरी गंमत करते. गंमत कसली? आमच्या समोरच्या घरात यसूआत्ती नावाची म्हातारी राहायची आणि सूर्य उगवायच्या सुमाराला तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तो आमच्यासाठीच असायचा. ती काय म्हणते ते कळायचं नाही, पण इतक्या ठसक्यात, इतक्या चढउतारांनी माणूस बोलू शकतो याचंच मला नवल वाटायचं. मी उंबऱ्यात बसून ऐकत राहायची आणि मग आत जाऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तेच शब्द तोंडातल्या तोंडात घोळवायची. ‘मुडद्या’, ‘मेल्या’, ‘कंबरंचं खोबरं’. माझं मराठीतलं पहिलं भांडवल ते एवढंच.

आम्ही मोगलाईतून आलो होतो. निजामाच्या राज्याला सोलापुरात मोगलाई म्हणत, आणि तिकडून आलेल्या आम्हा विणकरांना कधी पद्मशाली, कधी नुसतंच ‘तेलंगी’ म्हणत. माझे वडील, त्यांना आम्ही नायना म्हणायचो, त्यांच्या थोरल्या भावाच्या पाठोपाठ इथे आले. गावाकडे पाऊस हुलकावणी देत होता आणि सोलापुरात मागाला काम आहे असं पेद्दनायना, म्हणजे थोरले काका, निरोपावर निरोप धाडत होते. गाडीतून उतरलो तेव्हा पहाट होती आणि त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला. मी आयुष्यात तसला आवाज ऐकला नव्हता. मी अम्माच्या, म्हणजे आईच्या, पदरात शिरले. पेद्दनायना हसून म्हणाले, हा इथला कोंबडा आहे. एवढा मोठा कोंबडा ज्या गावात आहे ते गाव केवढं असेल, या विचारानं मी आमच्या गल्लीपर्यंत तोंड उघडं टाकून चालत गेले.

गल्ली म्हणजे तरी काय, एक बोळ. पण त्या बोळात चार भाषा नांदत होत्या. आमच्या ओळीला तेलुगू. समोरच्या ओळीला मराठी. तोंडाशी लिंबाचं झाड, त्याच्याशेजारी तेल-मिठाचं दुकान, तिथला वाणी कानडीत वजन करायचा आणि मराठीत भांडायचा. आणि लिंबापलीकडे रंगारीचाचा, ज्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी जांभळे असायचे, ते दखनीत बोलायचे. ‘क्या गे बेटी, कां जारी तू?’ असं, म्हणजे कुठं चाललीस असं, त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. मला वाटलं होतं, दखनी बोलणाऱ्या माणसांचे हात निळेच असतात.

घर दीड खोलीचं. त्यातली एक खोली मागाची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून नायना बसलेले, आणि धोटा इकडून तिकडे पळतो आहे, खट् खटाक्, खट् खटाक्. शेजारच्या घरातून दुसरा माग, त्याच्या पलीकडून तिसरा. त्या आवाजातच आम्ही जेवायचो, त्यातच झोपायचो. सणाच्या दिवशी माग बंद असले की आम्हा पोरांना कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. अम्मा भाकरी करायची, पण भाताचा घास असल्याशिवाय नायनांचं जेवण व्हायचं नाही. वर चिंचेचं कच्चं सार, कांदा चुरडून घातलेलं, आणि अंबाडी. आम्ही तिला पुंटिकूर म्हणायचो आणि ती आमचीच भाजी आहे असं आम्हाला वाटायचं. समोरच्या ओळीतही अंबाडी शिजते हे वासावरून कळलं त्या दिवशी अम्मा कितीतरी वेळ दारात उभी राहून नाक वर करून वास घेत होती. मग आत येऊन म्हणाली, “हीही माणसं आपल्यासारखीच दिसतात.” तोवर तिला काय वाटत होतं कोण जाणे.

पण त्या सगळ्यात मला जे पाहून दिपून जायला व्हायचं ते म्हणजे पांजणी. आता यंत्रमागांच्या दिवसांत ती कुणाला सांगून कळायची नाही, म्हणून जरा थांबून सांगते. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्यांना खळ पाजावी लागते. खळ म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी. ती पहाटे अंगणात मोठ्या पातेल्यात रटरटायची. मग गल्लीच्या लांबीभर बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे बांधलेले दोन दोन बांबू, उभ्या करायच्या, त्यांच्यावर आडव्या काठ्या, आणि त्या काठ्यांवरून लिंबापासून पार आमच्या दारापुढपर्यंत ताणा पसरायचा. दोन्ही टोकांना खुंट्या आणि दोर. शेकडो धागे, एकमेकांच्या शेजारी, आणि एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही. त्यांवर खळ पडली की दोन बाजूंनी दोन माणसं लांबलचक कुंचा धरून धावत सुटायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. धागे वाळेपर्यंत त्यांना उसंत नसायची. कुंचा थांबला तर धागे एकमेकांना चिकटून वाळतात आणि मग तो ताणा नव्हे, नुसता दोरखंड. एकदा खळ लावली की घरात आग लागली तरी पांजणी सोडायची नाही, असं आमच्यात म्हणत. आणि ऊन कौलांवरून उतरून त्या ओल्या धाग्यांवर पडलं की सगळी गल्ली झळाळून उठायची. मी रोज बघायची तरी रोज तिथेच खिळायची. देवळात मला कधी तसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

आता या ताण्याची अडचण अशी की तो रस्त्यात असायचा. समोरच्या ओळीच्या भिंतीलगत उघडं गटार वाहायचं, तिकडून चालायची सोय नव्हती. आमच्या ओट्यांच्या बाजूला हातभर रुंद वाट उरायची. त्यामुळे यसूआत्तीला सकाळी देवळात जायचं म्हणजे आधी ताण्याखालून वाकून आमच्या बाजूला यावं लागे, मग ओट्याओट्यानं पुढे. ती यायची, हातात तांब्या, दुसरा हात कमरेवर, आणि ताण्यापाशी उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “उचला गं मुडद्यांनो! म्हातारीला वाट द्या!” मग अम्मा पुढे व्हायची आणि दोन्ही हातांनी जवळची काठी वीतभर उचलून धरायची. म्हातारी खालून वाकून यायची, सरळ व्हायची आणि म्हणायची, “कंबरंचं खोबरं केलंसा माज्या. ह्या वयात रोज रांगाया लावतासा. उद्या माजी तिरडी निगंल तवा बी तुमचा ह्यो ताणा आडवा यील, बगा!” अम्मा पदर सावरत नुसती हसायची. आणि म्हातारी पुढे निघता निघता स्वतःशीच पुटपुटायची, “रोजचंच हाय मेलं.”

अम्मा मराठी बोलत नसे. समजायची सगळं, हे मला पुढे कळलं, पण बोलायची नाही. आल्या आल्या एकदा बाजारात तिनं भाजीवालीला काहीतरी विचारलं आणि आसपासच्या दोनचार बाया खो खो हसल्या. त्या दिवसापासून तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. बाहेर काही बोलायचं झालं की ती मला पुढे करायची. मी अम्माची जीभ झाले. मला त्याचा गर्व होता. आमच्या ओळीतून मराठी शाळेत गेलेली मुलगी मी पहिलीच, त्यामुळे बायका मला घरोघर बोलावून न्यायच्या, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. शाळेत मात्र पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. बाईंनी विचारलं, “उशीर का झाला?” मी छाती पुढे काढून, यसूआत्तीच्या ठेक्यात सांगितलं, “मुडद्यांनी वाट आडवली!” वर्ग गार पडला. बाई मात्र भल्या होत्या. त्यांनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, “मराठी उत्तम आहे तुझं, पण ते गल्लीत ठेवून येत जा.” तेव्हापासून माझ्याकडे दोन मराठ्या झाल्या, एक दप्तरातली आणि एक दारातली. खरं सांगायचं तर लिहिताना अजूनही पहिली लागते आणि राग आला की दुसरीच आधी येते.

यसूआत्ती शिव्या द्यायची तशी शेंगांची चटणीही द्यायची. संक्रांतीला अम्मानं तांदळाच्या पिठाची सकिनालू, म्हणजे आमच्याकडची गोल गोल कडकडीत चकली, तिच्याकडे पाठवली, तर तिनं ती दातांखाली धरून पाहिली आणि म्हणाली, “दगड हाय की वं ह्यो! लई ग्वाड लागतुया, पर दगड हाय.” दुसऱ्या दिवशी त्याच ताटातून चटणी आली. ताट रिकामं परत करायचं नाही हे त्यांच्याकडेही होतं.

तिच्या मुलाचं नाव दगडू. त्याची बैलगाडी होती, स्टेशनावरून मालाची पोती आणायचा. त्याच्या दारापर्यंत गाडी यायची नाही ती आमच्या ताण्यामुळे. भल्या सकाळी बैल बाहेर काढायचे तर ताणा पसरायच्या आधी, नाहीतर मग दुपारपर्यंत अडकून राहा. म्हातारीचं बोलणं वरवरचं होतं, दगडूमामाचा राग खोल होता. तो बोलायचा कमी. पण एका वर्षी त्यानं समोरच्या ओळीतली माणसं गोळा केली आणि पेठेतल्या जाणत्या माणसांपुढे गाऱ्हाणं नेलं, की रस्ता सगळ्यांचा आहे, ताणे गावाबाहेर न्या. जाणते म्हणाले, दोन्ही बाजू ऐकू, बसून ठरवू. आमच्या ओळीत त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. गावाबाहेर म्हणजे कुठे? ओला ताणा काय डोक्यावरून वाहून आणायचा? गल्ली गेली की पांजणी गेली, पांजणी गेली की माग गेला, आणि माग गेल्यावर मोगलाईत परत जायचं तर तिथे काय ठेवलं होतं? नायना रात्री ताटावर बसून म्हणाले, “चूक त्याची नाही.” पेद्दनायना भडकले. पण नायनांनी वाक्य मागे घेतलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर नको, एवढंच म्हणाले.

तशात म्हातारी आजारी पडली. आठवडाभर तिचा पट्टा ऐकू आला नाही. अम्मा सकाळी काठीपाशी जाऊन उभी राहायची, समोरच्या दाराकडे बघायची आणि परत यायची. दुधनीला दिलेली तिची लेक येऊन राहिली होती, तिच्याकडे अम्मा माझ्या हाती सार पाठवायची. मी विचारायची, “अम्मा विचारते, बरं हाय का?” लेक नाही म्हणून मान हलवायची.

ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे त्या दिवशीचा ताणा माझ्या अक्काच्या लग्नाच्या साड्यांचा होता. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या साड्या घरच्याच मागावर विणायच्या असा नायनांचा हट्ट. पहाटेच खळ लावली. कुंचा दोनतीनदा फिरून गेला असेल नसेल, तोच समोरच्या घरातून लेकीनं हंबरडा फोडला. कुंचा धरलेले हात क्षणभर थांबले. सगळ्यांना कळलं. आणि इथे आमच्या माणसांची एक चूक झाली, जी आमच्यावाचून दुसऱ्या कुणाची झाली नसती. आमच्याकडे माणूस गेलं की आधी डप्पू वाजतो. हलगीसारखं ते वाद्य वाजू लागलं की न्हाऊ घालणं, सजवणं, आप्त येणं, असं करत करत दुपार होते. डप्पू वाजल्याशिवाय उचलायचं नाही. नायना म्हणाले, अजून डप्पू कुठे वाजतो आहे, तोवर ताणा वाळेल, गुंडाळून घेऊ आणि मग सगळे जाऊ. म्हणून कुंचा पुन्हा धावायला लागला, पण गप्प, कुणी तोंडातून शब्द न काढता. समोरून टाळांचा आवाज आला तेव्हाही आम्हाला वाटलं, बसून भजन चाललं आहे. आम्ही डप्पूची वाट बघत होतो, आणि त्यांच्याकडे डप्पू नव्हताच. लेक घरात होती, मुलगा घरात होता, वाट कुणाची बघायची? ऊन कौलांवर आलं आणि समोरचं दार उघडून म्हातारी निघालीच.

पुढे मडकं हातात घेऊन दगडूमामा, मागे चौघांच्या खांद्यावर यसूआत्ती, त्यामागे टाळकरी आणि शेजार. आणि दारापासून चार पावलांवर आमचा ताणा, ओलाचिंब, गल्लीभर. हातभर वाटेतून एकटा माणूस जाईल, तिरडी जायची नाही. सगळं थांबलं. टाळ थांबले. कुंचासुद्धा थांबला. म्हातारीनं वर्षभर रोज जे बजावलं होतं ते शब्दशः समोर उभं होतं, आणि ते आठवलं नाही असं त्या गल्लीत कुणी नव्हतं.

कुणीतरी मागून म्हणालं, “मागल्या दारानं घ्या की, परड्यातनं.”

दगडूमामा वळला नाही. म्हणाला, “माजी आय मागल्या दारानं जायची न्हाय.” मग नायनांकडे बघून, “आन् उचललेली तिरडी आमी खाली ठिवत न्हाय. काय करायचं त्ये तुमी करा.”

नायनांनी माझ्याकडे पाहिलं. मी अम्माची जीभ, साऱ्या ओळीची जीभ. मला सगळं कळलं होतं, पण घशातून कुठलीच भाषा बाहेर येईना. पेद्दनायना तेलुगूत बोलू लागले होते, आवाज दाबून, पण थरथरत: लग्नाच्या सुताखालून प्रेत न्यायचं? अपशकुन आहे. त्यांना थांबू दे, नाहीतर मागून जाऊ दे. नायनांनी कमरेची सुरी काढली. ताणा कापायचा ठरवला होता त्यांनी, ते माझ्या लक्षात आलं, आणि अक्काच्याही आलं, कारण ती दारात उभी होती ती धावत ओट्याच्या कडेपर्यंत आली. ते टोकाच्या दोराशी वाकले. ऊन पहिल्या काठीवर उतरत होतं. कुंचा थांबलेलाच होता.

तेव्हा अम्मा पुढे आली. पदर खोचला. रोज जिथे उभी राहायची त्याच काठीपाशी उभी राहिली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, मराठीत:

“उचला गं मुडद्यांनो! म्हातारीला वाट द्या!”

तोच ठेका. तोच चढ, शेवटी तोच तुटक उतार. सूर बरहुकूम यसूआत्तीचा. क्षणभर मला खरंच वाटलं की तिरडीवरची म्हातारी बोलली. लेकीनं तोंडात पदर कोंबला. दगडूमामानं मडकं छातीशी घट्ट धरलं. आणि अम्मानं काठी उचलली, रोजच्यासारखी वीतभर नाही, तर छातीपर्यंत, मग डोक्यावर. एका बाजूनं काठी वर आणि दुसरी बाजू खाली, ताणा कलला, धागे सरकू लागले. नायनांनी सुरी टाकली. “पट्टुंड्रि!” धरा, म्हणून ओरडले. पलीकडची बाजू धरायला आमच्यातलं कुणी जवळ नव्हतं. समोरच्या ओळीतल्या एकानं गळ्यातले टाळ पाठीवर टाकले आणि ती बाजू धरली. मग पुढची काठी. मग त्यापुढची. वाणी दुकानातून धावत आला, रंगारीचाचा निळ्या हातांनी आले, समोरच्या ओळीतल्या बाया आल्या, ज्या आमच्या खळीच्या वासाला नाकं मुरडायच्या त्याही आल्या. एका काठीला दोन माणसं, एक या ओळीतलं, एक त्या. पेद्दनायनांनी कुरकुर विसरून, लिंबापाशी धावत जाऊन, टोकाचा दोर खुंटीवरून सोडवून हाताला गुंडाळला आणि ताण सांभाळत इंचाइंचानं ढील देऊ लागले. दुसऱ्या टोकाला नायना. “सैल नको! जास्त बी नको!” “मेल्लगा, मेल्लगा!” “आस्ते, आस्ते उठाव!” कोण कुणाला कुठल्या भाषेत सांगत होतं देव जाणे, पण सगळ्यांना सगळं कळत होतं. मीही एक काठी धरली होती, चवड्यांवर उभी राहून. आणि शेकडो ओले धागे सगळ्या गल्लीच्या डोक्यावर चढले, आणि त्यांवर ऊन पडलं.

मी आज इतकी वर्षं जगले, पुष्कळ काही पाहिलं, पण तसलं काही पुन्हा पाहिलं नाही. मान वर करून बघत होते आणि माझ्या अंगावर शहारे येत होते. चौघांनी तिरडी खांद्यावरून हातांवर घेतली, जरा खाली, आणि त्या झळाळत्या मांडवाखालून यसूआत्ती निघाली. सावकाश. टाळ पुन्हा वाजू लागले. वरून खळीचे थेंब तिच्या पांढऱ्या वस्त्रावर पडत होते आणि खालून लोक बुक्का नि चिरमुरे उधळत होते ते वरच्या ओल्या धाग्यांना चिकटत होते. माझ्या काठीखालून ती गेली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. तोंड मिटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मला रडू कोसळलं, पण हात सोडता येत नव्हते, म्हणून मी तशीच, हात वर करून, मोठ्यानं रडले. माझ्या समोर त्याच काठीला समोरच्या ओळीतली एक बाई होती, तीही तशीच रडत होती.

लिंबापलीकडे तिरडी गेली तसा ताणा खाली आला आणि कुंचा असा धावला, असा धावला, की नायनांना धाप लागली. ताणा वाचला. सगळा नाही, मधले काही धागे चिकटले, अम्मानं ते बोटांनी एकेक करून सोडवले. चिरमुरे चिमण्यांनी येऊन टिपले. बुक्का मात्र खळीत मुरला आणि साड्यांच्या अंगावर कुठे कुठे फिकट राखी झाक राहिली. पेद्दनायना म्हणाले, या साड्या नवरीला नकोत. अक्का, जी कधी तोंड वर करून बोलत नसे, ती म्हणाली, “मला याच हव्यात.” त्यांतली एक अजून माझ्या पेटीत आहे. उन्हात धरली तर झाक दिसते.

पण त्या दिवशी तिरडी निघून गेली म्हणजे गल्ली मिळाली असं नव्हतं. गाऱ्हाणं होतं तिथेच होतं. दगडूमामा स्मशानातून आला तो मुंडण केलेल्या डोक्यानं, आमच्याकडे न बघता आत गेला. त्यांचे सुतकाचे दिवस संपेपर्यंत नायनांनी आमच्या ओळीत कुणालाच ताणा पसरू दिला नाही. आधी चढवलेली सुतं संपत गेली आणि एकेक माग गप्प होत गेला. आमचाही झाला. कानात दडे बसले. पेद्दनायना म्हणायचे, बघ, मागितल्याशिवायच सोडलीस गल्ली, आता ते कशाला देतील? अम्माही पुन्हा पहिल्यासारखी झाली. त्या एका हाकेनंतर ती मराठीत चकार शब्द बोलली नव्हती.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे नायना उठले आणि खळीचं पातेलं चढवलं. आम्ही ताणा पसरला. कुंचा फिरू लागला, पण सगळ्यांचं लक्ष समोरच्या दाराकडे. ते उघडलं. दगडूमामा बाहेर आला, हातात चाबूक, कामाला निघालेला. मी बघते तर त्याच्यामागे गोठ्याचं दार सताड उघडं आणि आत बैल नव्हते. मग लांब लिंबाखाली नजर गेली. गाडी तिथे सुटलेली होती आणि बैल बुंध्याला बांधलेले, पुढ्यात रात्रीची वैरण. ताणा पसरला तरी अडू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळीच त्यानं ते गल्लीबाहेर नेऊन ठेवले होते.

तो ताण्यापर्यंत आला आणि उभा राहिला. हा धिप्पाड माणूस आजवर कधी ताण्याखालून वाकला नव्हता. अडकून राहीन, पण वाकणार नाही, असा त्याचा बाणा होता. अम्मा पुढे झाली. नेहमीच्या काठीला दोन्ही हात घातले आणि वीतभर उचलून धरली. दगडूमामानं चाबूक काखेत मारला, वाकला, पार गुडघ्यांपर्यंत वाकला आणि खालून आमच्या बाजूला आला. सरळ होताना त्याचा एक हात कमरेवर गेला, अगदी आईसारखा.

“कंबरंचं खोबरं झालं की वं वैनी,” तो म्हणाला.

अम्मानं काठी हळूच कैचीवर टेकवली. पदर सावरला. यावेळी नुसती हसली नाही.

“रोजचंच हाय,” ती म्हणाली.